वाचकांचे प्रश्न : विद्यार्थीदशेतील आरोग्यसंशोधन

वैद्यकीय आणि आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून, तसेच काही पालकांकडून, संशोधनाच्या संधींविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी वगळली आहेत.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात शिकते. आयसीएमआरच्या एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे अल्पमुदतीची विद्यार्थीवृत्ती) योजनेसाठी अर्ज करण्याची इच्छा आहे. ‘मराठवाड्यातील गर्भवतींमधील ॲनिमिया’ हा विषय मनात आहे, पण दोन महिन्यांत तो कसा पुरा होणार, हे समजत नाही. सीनियर्स सांगतात की प्रश्नावली वाटून एखादी ‘केएपी स्टडी’ (लोकांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण यांची पाहणी) करून मोकळी हो. मार्गदर्शक कसा निवडावा, हेही सांगावे.

उत्तर : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही योजना १९७९ पासून चालवीत आहे. ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांपुरतीच आहे. इंटर्न आणि पदव्युत्तर विद्यार्थी तिच्यात बसत नाहीत, त्यामुळे दुसरे वर्ष ही अर्जासाठी उत्तम वेळ होय. एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक आणि दोन महिने, असा तिचा आटोपशीर साचा असून दोघी मैत्रिणींना मिळून एकच प्रस्ताव देता येत नाही. प्रस्तावात स्वतःचे, मार्गदर्शकांचे किंवा महाविद्यालयाचे नाव कोठेही येऊ द्यायचे नसते, कारण तपासणाऱ्यांना तो कोणाचा आहे हे कळू नये अशी अपेक्षा असते. प्रस्ताव निवडला गेला म्हणजे पैसे मिळाले, असे मात्र नाही. काम पूर्ण होऊन अहवाल मुदतीत पोहोचला आणि तो मान्य झाला, तरच प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळते. अलीकडच्या वर्षांत हे विद्यावेतन दोन महिन्यांचे मिळून ५०,००० रुपये आहे. ही रक्कम तुमची असते, तपासणीच्या किटसाठी वेगळा निधी मिळत नाही. त्यामुळे ज्या तपासण्या तुमच्या रुग्णालयात एरवीही होत असतात, त्यांच्यावर उभा राहील असाच विषय घ्यावा. सीरम फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तुमच्याकडे रोज होत नसेल, तर ते प्रस्तावात लिहू नये.

आता विषयाकडे वळू. तुम्ही सुचवलेला विषय आठ जिल्ह्यांचा आहे आणि तुमच्या हाताशी एक ओपीडी आहे. तेव्हा प्रश्न ओपीडीच्या मापाने कापून घ्यावा. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी घ्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि त्या किमान १८० दिवस घ्याव्यात असे अपेक्षित आहे. गोळ्या दिल्या गेल्या की नाहीत, याची नोंद रजिस्टरमध्ये सापडते. त्या पोटात गेल्या की नाहीत, हे मात्र कोणतेही रजिस्टर सांगत नाही. ‘आमच्या प्रसूतीपूर्व ओपीडीत फेरतपासणीला येणाऱ्या गर्भवतींपैकी किती जणींनी मागच्या महिन्यातील गोळ्या ठरल्याप्रमाणे घेतल्या, आणि ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांनी का घेतल्या नाहीत’, एवढा प्रश्न दोन महिन्यांत सुटू शकतो आणि त्याचे उत्तर त्या ओपीडीच्या उपयोगी पडते.

केएपी पाहण्यांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण यांची प्रश्नावली वर्गमित्रांना फॉर्मच्या लिंकवर पाठवायची, आलेल्या उत्तरांची टक्केवारी काढायची आणि शेवटी ‘जनजागृती आवश्यक आहे’ असे लिहायचे, या साच्यातून दरवर्षी ढीगभर अहवाल निघतात आणि त्यांतून कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही. प्रश्नावली वापरू नये असे माझे म्हणणे नाही, ती विचारपूर्वक करावी. ‘गोळ्या नियमित घेता का?’ असे पांढरा कोट घातलेल्या मुलीने विचारल्यावर कोणती बाई ‘नाही’ म्हणेल? त्याऐवजी गोळ्यांची पट्टी सोबत आणायला सांगावी आणि उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. पट्टी नसेल तर ‘काल घेतली होती का, परवा घेतली होती का’ असे मागे मागे जात सात दिवसांचे विचारावे. ‘मळमळते’, ‘शौचास काळे होते’, ‘बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते असे सासूबाई म्हणतात’, ही कारणे बाईच्या तोंडून जशी येतील तशीच आधी उतरवून घ्यावीत आणि त्यांचे गट नंतर पाडावेत. प्रोफॉर्मा (माहिती भरण्याचा नमुना) तयार झाला की तो आधी दहा-बारा जणींवर करून पाहावा. निम्मे प्रश्न बदलावे लागतील, असा माझा अनुभव आहे.

नमुन्याचा आकार काढताना विद्यार्थी सूत्राला घाबरतात, पण पीएसएमच्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पुस्तकातील नेहमीचे सूत्र साधे आहे. अपेक्षित प्रमाण गुणिले उरलेले प्रमाण, त्याची चौपट, आणि त्याला चालणाऱ्या चुकीच्या वर्गाने भागायचे. आधीचा अभ्यास हाताशी नसेल तर प्रमाण ५० टक्के धरावे. चूक १० टक्क्यांची चालत असेल तर ४ गुणिले ५० गुणिले ५० भागिले १००, म्हणजे १०० जणी लागतील. चूक ५ टक्क्यांवर आणायची तर भाजक २५ होतो आणि त्याच १०० च्या ४०० होतात. दोन महिन्यांत ओपीडीचे साधारण ५० दिवस मिळतात. रोज दोन जणींशी वीस-वीस मिनिटे बोलणे वर्ग सांभाळून जमेल, रोज आठ जणींशी बोलणे जमणार नाही, आणि मग गोळ्या मोजण्याऐवजी अंदाजाने आकडे लिहिण्याचा मोह होईल. प्रस्तावात १०० लिहा आणि चूक १० टक्क्यांची आहे हे स्पष्ट नमूद करा. परीक्षक त्यासाठी तुमचा प्रस्ताव फेकून देणार नाहीत.

मार्गदर्शक निवडताना पदाकडे कमी आणि वेळेकडे अधिक पाहावे. विभागप्रमुखांच्या नावाला वजन असते हे खरे, पण त्यांच्या दिवसातील अर्धा तास मिळवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. याआधी ज्यांच्याकडे एसटीएस झाली त्या विद्यार्थ्यांना गाठावे आणि ‘अहवाल वेळेत गेला का, मास्टर चार्ट (सर्व नोंदींचा एकत्रित तक्ता) कोणी तपासला’ एवढे दोनच प्रश्न विचारावेत. तुमच्या विषयासाठी पीएसएम किंवा स्त्रीरोग विभागातील सहायक प्राध्यापक उत्तम. मार्गदर्शक पीएसएमचे असतील, तर ओपीडीत बसण्यासाठी स्त्रीरोग विभागप्रमुखांची लेखी परवानगी अर्ज करण्याआधीच घेऊन ठेवावी.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात बीएएमएस करतो. एसटीएसला आम्ही पात्र नाही. मग आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनी काय करावे?

उत्तर : केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये ‘स्पार्क’ ही विद्यार्थीवृत्ती नेमकी तुमच्यासाठी सुरू केली. तिचा आराखडा एसटीएससारखाच, दोन महिन्यांचा आहे. होमिओपॅथीच्या विद्यार्थ्यांसाठीही त्यांच्या केंद्रीय परिषदेची अल्पमुदतीची विद्यार्थीवृत्ती आहे. शिवाय महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सर्व शाखांना खुली असून नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ तिच्यात भाग घेते. तेथे पैशापेक्षा परीक्षकांसमोर उभे राहून आपल्या कामाचे समर्थन करण्याची सवय मिळते. एक सूचना करतो. ‘अमुक काढा मधुमेहावर उपयुक्त’ असे सिद्ध करण्याच्या मागे पदवीच्या वर्षांत लागू नये, कारण औषधाची चाचणी हे दोन महिन्यांचे किंवा एकट्याचे काम नाही. तुमच्या रुग्णालयात येणारे मधुमेही आयुर्वेदिक आणि ॲलोपॅथिक औषधे एकाच वेळी घेतात का, आणि घेत असतील तर ते दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगतात का, हा प्रश्न तुमच्याच ओपीडीत सुटेल आणि दोन्ही बाजूंना तो महत्त्वाचा वाटेल.

प्रश्न : आमचा अभ्यास केवळ रेकॉर्ड रूममधील जुन्या केस पेपरवर आधारित आहे. रुग्णाशी संबंध येत नसल्याने एथिक्स कमिटीच्या (संशोधनातील नीतिमत्ता तपासणाऱ्या समितीच्या) मान्यतेची गरज नाही, असे आमच्या मार्गदर्शकांचे मत आहे. कमिटीची बैठकही तीन महिन्यांतून एकदा होते. तोवर माहिती गोळा करण्यास सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मार्गदर्शकांचा अनादर न करता त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रस्तावांच्या छाननीचे तीन प्रकार आहेत : छाननीतून सूट, त्वरित छाननी आणि पूर्ण समितीपुढील छाननी. जुन्या नोंदींवरील अभ्यास बहुधा पहिल्या दोहोंपैकी एकात बसतो, आणि प्रत्येक रुग्णाची संमती घेणे शक्य नसल्यास समिती तीही माफ करू शकते. पण सूट द्यायची की नाही हे समितीने ठरवायचे असते, संशोधकाने नाही. दुसरी गोष्ट अशी की मान्यता मागच्या तारखेने मिळत नाही. आधी माहिती गोळा करून नंतर अर्ज केलात, तर समितीला नकार देण्यावाचून पर्याय उरत नाही आणि पुढे नियतकालिकेही मान्यतेचा क्रमांक आणि तारीख मागतात.

बैठकीची वाट पाहावी लागते, ही तक्रार रास्त आहे. समितीत किमान सात सदस्य लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकांचा प्रतिनिधीही हवा असतो, त्यामुळे सर्वांची वेळ जुळणे अवघड जाते. परंतु त्वरित छाननीसाठी पूर्ण बैठकीची वाट पाहावी लागत नाही. सदस्य सचिवांना भेटून ‘आमचा प्रस्ताव त्वरित छाननीत घेता येईल का’ असे विचारावे. बहुतेक विद्यार्थी हे विचारतच नाहीत.

केस पेपरला रुग्ण नसतो, हा समज मात्र सोडून द्यावा. अनेक मास्टर चार्टमध्ये पहिल्या रकान्यात रुग्णाचे नाव, दुसऱ्यात आयपीडी (आंतररुग्ण) क्रमांक आणि शेवटी मोबाइल क्रमांक असतो, आणि ती फाइल चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असते. केस पेपरचे फोटो काढून ग्रुपवर टाकणे तर सर्रास चालते. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात किंवा विषप्राशनाच्या नोंदी असतील, तर एखाद्या गावातील कुटुंबाचे त्यातून किती नुकसान होऊ शकते याचा विचार करावा. मास्टर चार्टमध्ये फक्त अभ्यास क्रमांक असावा. कोणता अभ्यास क्रमांक कोणत्या आयपीडी क्रमांकाचा, याची यादी वेगळ्या वहीत लिहून मार्गदर्शकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. जन्मतारखेऐवजी वय आणि गावाऐवजी तालुका पुरेसा होतो. प्रस्तावात हे सारे आधीच लिहिलेत तर समितीचे निम्मे प्रश्न आपोआप गळून पडतात.

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात आहे. ती अभ्यास सोडून संशोधनात वेळ घालवते, असे आम्हा पती-पत्नीला वाटते. पीजीच्या प्रवेशासाठी याचा काही उपयोग होतो का? शिवाय एका संस्थेने १५ हजार रुपयांत तीन शोधनिबंधांवर तिचे नाव घालून देण्याची तयारी दाखवली आहे. तो मार्ग सोपा नाही का? (खानदेशातून एक पालक)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडेल. भारतात एमडी-एमएसचे प्रवेश नीट-पीजीच्या गुणानुक्रमाने होतात आणि शोधनिबंधांना त्यात वेगळे गुण नाहीत. परीक्षेला सहा महिने उरले असताना मुलगी प्रश्नावल्या भरून घेत हिंडत असेल, तर तिला थांबवणे योग्य होईल. तिसऱ्या वर्षात मात्र दोन-तीन महिन्यांचे एक नेटके काम अभ्यासाच्या आड येत नाही. पीजीला गेल्यावर तिला प्रबंध लिहावाच लागणार आहे, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रमही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण करावा लागतो. तो पदवीच्या विद्यार्थ्यांनाही खुला आहे. पीजीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळ्या सांभाळत सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिताना ज्यांची तारांबळ उडते, त्यांत बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच हे काम करत असतात. परदेशात जायचे असेल तर चित्र थोडे निराळे आहे. अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेची (यूएसएमएलई) पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली, त्यामुळे तेथील निवडीत इतर गोष्टींकडे, संशोधनाकडेही, अधिक पाहिले जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो. हा मार्ग सोपा नाही, तो फसवणुकीचा आहे, आणि त्यात पुढे अडचणीत येणारी व्यक्ती पैसे घेणारी नसून आपली मुलगी असेल. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याच्या चार अटी ठरवून दिल्या आहेत. अभ्यासाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा असावा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या गंभीर दुरुस्तीत सहभाग असावा, अंतिम प्रतीला मान्यता दिलेली असावी, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी घेण्याची तयारी असावी. या चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. ज्या तीन निबंधांवर नाव विकत मिळेल त्यांतले आकडे कोठून आले, हे मुलाखतीत विचारल्यावर ती काय सांगेल? आणि तो निबंध मागे घेतला गेला, तर ‘मागे घेतलेला’ हा शिक्का तिच्या नावासह कायम शोधता येतो. प्रकाशनासाठी शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे असते असे नाही, कित्येक प्रतिष्ठित खुली नियतकालिकेही शुल्क घेतात. परंतु लेख पाठवल्यानंतर तीन दिवसांत ‘स्वीकारला, आता पैसे भरा’ असे उत्तर येत असेल, तर तो लेख कोणी वाचलेलाच नाही असे खुशाल समजावे.

प्रश्न : मी पुण्यात बीएस्सी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षात आहे. सार्वजनिक आरोग्यात रस आहे, पण डॉक्टर नाही. मला काही वाव आहे का?

उत्तर : डॉक्टर मंडळींना ज्याची सर्वाधिक वानवा भासते, ते तुमच्याकडे आहे. मुंबईत देवनार येथील, १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हीच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मध्यवर्ती संस्था आहे, आणि तेथे जैवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही मिळते. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि तुमच्या पुणे विद्यापीठातही आहे, आणि तिला डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो. प्रवेशाची वाट न पाहता मात्र आजपासूनच काम सुरू करता येईल. पाचव्या सर्वेक्षणात देशभरातील ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांकडून माहिती घेतली गेली. तिची जिल्हानिहाय तथ्यपत्रके खुली असून कोणालाही पाहता येतात. विदर्भातील किंवा खानदेशातील दोन शेजारी जिल्हे घ्यावेत आणि एकच निर्देशांक त्यांत इतका वेगळा का आहे, हे शोधावे.

येथे एक खाचखळगा आहे, जो वर्तमानपत्रांच्याही लक्षात येत नाही. हे सर्वेक्षण दोन टप्प्यांत झाले. महाराष्ट्राची माहिती पहिल्या टप्प्यात, करोनाच्या आधी, गोळा झाली. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश दुसऱ्या टप्प्यात होते, आणि त्यांच्या कामाला टाळेबंदीचा फटका बसला. त्यामुळे बुऱ्हाणपूर आणि जळगाव यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून निष्कर्ष काढताना, आपण दोन ठिकाणांसोबत दोन निराळ्या काळांचीही तुलना करत आहोत, हे लिहिणे भाग आहे.

प्रश्न : मी इंटर्न असून सध्या रायगड जिल्ह्यातील एका ग्रामीण केंद्रात नेमणुकीवर आहे. येथे ना प्रयोगशाळा, ना प्राध्यापक. तीन महिने फुकट जाणार असे वाटते. येथे संशोधन शक्य आहे का?

उत्तर : तुम्ही ज्या जिल्ह्यात बसून हे विचारत आहात, त्याच जिल्ह्यात याचे उत्तर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्यांच्याकडेही प्रयोगशाळा नव्हती. ते रुग्णाच्या उशाशी बसून पाहत आणि लिहून ठेवत राहिले. ओकारी, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा, ही लक्षणे हृदयावर परिणाम होणार असल्याची पूर्वसूचना देतात, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन या रुग्णांना वाचवते, हे त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिले. पुढे, प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरची प्रतिलस दिल्यास अधिक लाभ होतो का, याची यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणते उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून) त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच केली आणि ती २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापली. या साऱ्याला दशके लागली. तुमच्याकडे तीन महिने आहेत, म्हणून अपेक्षा त्या बेताने ठेवावी.

तुम्हाला जमेल ते असे. केंद्रातील केस पेपरवर बहुधा ‘विंचूदंश, इंजेक्शन दिले, घरी पाठवले’ एवढेच लिहिलेले असते. दंश किती वाजता झाला, रुग्ण किती वाजता पोहोचला, आधी भगताकडे किंवा खासगी दवाखान्यात गेला होता का, आल्यावर नाडी, रक्तदाब आणि हातपायांचा गारवा कसा होता, औषध कोणत्या वेळी दिले आणि संदर्भसेवेसाठी (मोठ्या रुग्णालयात) पाठवले तर कोणत्या वाहनाने, एवढे रकाने असलेला एक पानी प्रोफॉर्मा तयार करावा. हीच पद्धत सर्पदंशाला आणि कीटकनाशकांच्या विषबाधेलाही चालते. दंशापासून औषधापर्यंतचा वेळ कोठे वाया जातो, एवढे जरी नीट समजले, तरी तालुक्याला ते उपयोगी पडेल. एकाच रुग्णाविषयी लिहायचे असेल तर त्याची किंवा नातेवाइकांची लेखी संमती, आणि फोटोसाठी वेगळी संमती, तो घरी जाण्याआधी घ्यावी. नंतर पत्ता सापडत नाही.

परवानगीच्या बाबतीत इंटर्न हमखास अडखळतात. तुमच्या महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची मान्यता तर लागेलच, पण केंद्र जिल्हा परिषदेचे प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, तर त्याच्या नोंदी वापरण्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे पत्रही लागते, आणि ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचे. अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत पाठवावा आणि सहलेखक म्हणून त्यांना सुरुवातीपासून कामात घ्यावे, कारण तुमची नेमणूक संपल्यावर तो प्रोफॉर्मा त्यांनाच पुढे भरायचा आहे. हे अर्ज नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात गेले, तर हातात निदान दोन महिने राहतात.